बोहनीचा चष्मा

माझ्या सासूबाईंकडे दोन चष्मे आहेत. एकातून दिसतं, एकातून दिसत नाही. चारचौघांत जायचं असलं की त्या न दिसणारा घालतात. मी शिकवते त्या शाळेत डबा खाताना हे सांगितलं तर बरोबरच्या बाई हसून हसून बेजार झाल्या. आधी मलाही हसू यायचं. आता येत नाही.

हे सगळं सुरू झालं मेहकरच्या चष्म्याच्या दुकानापासून. दुकान आमच्या जावयाचं, म्हणजे माझ्या चुलत नणंदेच्या नवऱ्याचं. ही नणंद अगदी लहान होती तेव्हाच तिची आई गेली. ती आई म्हणजे माझ्या सासूबाईंची धाकटी जाऊ. सासूबाईंनी मग त्या पोरीला आपल्या लेकरांतच वाढवलं. ती त्यांना मोठी आई म्हणते. गेलेल्या जावेचा विषय निघाला की सासूबाई अजून ‘माही धाकटी’ म्हणतात, आणि तेवढं म्हणून दुसरं काहीतरी बोलायला लागतात. मी जानेफळला लग्न होऊन आले तेव्हा धाकटीचा फक्त भिंतीवरचा फोटो उरला होता, तोही ओल लागून तोंडावर पिवळा पडलेला.

दुकानाच्या मुहूर्ताला आम्ही सगळे गेलो. नारळ फुटला, पेढे वाटले, आणि जावयाने जाहीर केलं की बोहनी मोठ्या आईच्या चष्म्याने होणार. सासूबाईंना त्या फिरत्या खुर्चीत बसवलं. पाय जमिनीला टेकेनात, म्हणून त्या खुर्चीचे हात घट्ट धरून बसल्या. नाकावर ती लोखंडी गोल चौकट चढवली आणि जावई एकेक भिंग घालून विचारायला लागला, आता दिसते का, आता दिसते का. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, प्रत्येक वेळी म्हणायच्या, “हाव, दिसते.” समोरच्या पाटीवरच्या मोठ्या दोन ओळी त्यांनी वाचल्या. पुढे अडल्या, तर जावईच सांगून मोकळा, खाली प आहे ना मोठ्या आई? हाव, प हाय. पाहुणे कौतुकाने बघून राहिले होते. मीही बघत होते आणि मला वाटलं, वा, म्हातारीची नजर काय तेज आहे.

चष्मा तयार होऊन आला तेव्हा जावयाने स्वतःच्या हाताने तो घालून दिला, त्यांच्या पाया पडला आणि फोटो काढला. तो फोटो मोठा करून, फ्रेम लावून दुकानात गल्ल्याच्या वर टांगला. आमच्या पहिल्या ग्राहक.

घरी दोनचार दिवसांतच मला कळून चुकलं. तुरीच्या डाळीत खडे राहायला लागले. ह्यांचा दात जेवताना करकन वाजला, तर ताटावरून उठून हे माझ्यावरच चिडले. शेजारच्या काकू समोरून गेल्या, आई बोलल्या नाहीत, तर गल्लीत बोभाटा झाला की सून नोकरीवाली आल्यापासून ह्या लोकांना ओळखत नाहीत. सुईत दोरा ओवायला त्या माझ्या पोरीला हाक मारायच्या आणि चष्मा पुसत बसायच्या, जसा काही दोष धुळीचा आहे.

मी सरळ विचारलं, आई, तुम्हाला ह्यातून दिसतं का? आधी दिसते म्हणाल्या. मग सूपच खाली ठेवलं.

“बोहनी होती बाई,” त्या म्हणाल्या. “नारळ फुटला अन् लगेच जावयाले कसं म्हणू, मले दिसत नाही?”

मी कपाळाला हात लावला. दिसते दिसते म्हणून ह्या बाईने नंबर काढून घेतला होता. त्यात त्या पोराचीही चूक काय धरायची? म्हातारं माणूस दिसतं म्हणालं, त्याने लिहून घेतलं.

मग सांगून टाकू, असं मला वाटलं. त्यात काय एवढं, नंबर बदलून देईल. आईंनी माझा हात धरला. जावयाच्या नाकाच्या शेंड्यावर राग. लग्नात जेवायच्या पंगतीत कोणीतरी त्याच्या मित्राला दुसऱ्यांदा जिलेबी वाढली नाही, म्हणून दिवाळसणाला आला नव्हता. दुकान झाल्यावर आमच्या गल्लीतल्या एकाने मेहकरच्याच दुसऱ्या दुकानातून गॉगल घेतला. तुम्हाला खोटं वाटेल, पण त्याच संध्याकाळी नणंदेचा फोन आला. हळू आवाजात म्हणाली, वहिनी, गावातल्या लोकायले जरा सांगत जा, इथं मले ऐकावं लागते. कोण काय बोललं ते तिने सांगितलं नाही. आईंनी फोन माझ्या हातातून घेतला, नुसतं हाव हाव म्हणाल्या, आणि त्या दिवशी त्यांनी चष्म्याचा विषय बंद केला. त्यांच्या डोळ्यांचं काही होवो, पोरीच्या मागे कटकट नको.

मला मात्र राहवेना. माझा स्वभावच खाजरा, गप्प बसवत नाही. मी मोबाईलवर चष्मा मागवायचं ठरवलं. तिथे आपला चेहरा दाखवला की वेगवेगळ्या फ्रेमी नाकावर बसवून दाखवतात. आईंना मी भिंतीशी उभं केलं. डोक्यावरचा पदर मागे घ्या म्हटलं, तर म्हणाल्या, फोनात कोण बसलंय ते मले काय माहीत, पदर नाही काढणार. मग मोबाईलने त्यांच्या पदरावर, कपाळाच्या पार वर, एक लाल फ्रेम बसवली. आम्ही दोघी इतक्या हसलो की माझी पोरगी पळत आली. शेवटी जावयाच्या चष्म्यासारखीच दिसणारी काळी फ्रेम निवडली, म्हणजे कोणाला संशय नको. नंबर कुठून भरायचा? दुकानातून मिळालेलं कार्ड होतं, त्यावरचा भरला.

पार्सल आलं. आईंनी चष्मा घातला, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि मला वाईट वाटू नये म्हणून म्हणाल्या, चांगला हाय, हलका हाय.

“दिसते का?” मी विचारलं.

“त्याच्याच इतकं दिसते.”

दिसेल कसं? नंबर तोच ना. चार बुकं शिकलेली मी, शाळेत पोरांना गणित शिकवते, आणि दिसते-दिसतेवाला नंबर जसाच्या तसा उतरवून बसले. स्वतःचाच इतका राग आला की त्या दिवशी मी जेवलेच नाही. तो चष्मा परत गेला.

मग दातांचं निमित्त सांगून मी आईंना बुलढाण्याला नेलं. मेहकरात डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो असतो तर आम्ही घरी पोचायच्या आधी बातमी दुकानात पोचली असती. बुलढाण्याचा डॉक्टर कोणाचा कोण नव्हता. नारळ नव्हता, पेढे नव्हते, जावई नव्हता. आईंनी त्याला धडाधड सांगितलं, हे नाही दिसत, हेही नाही, हे तर बिलकुल नाही. मला वाटतं, इतक्या मोकळेपणाने नाही म्हणताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. त्या नंबरचा चष्मा मी पुन्हा मोबाईलवरून मागवला, तसलाच काळा.

तो आला तेव्हा मी भाकरी थापत होते. आई चुलीजवळ येऊन उभ्या राहिल्या, माझ्याकडे बघत. बघतच राहिल्या. मी म्हटलं, काय झालं?

“तुह्या हनुवटीवर तीळ हाय?”

माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली आणि सासूला माझ्या तोंडावरचा तीळ तेव्हा दिसला. मी हसण्यावारी नेलं, पण भाकरी करपली. त्या दिवसापासून त्यांनी मला भंडावून सोडलं. कोपऱ्यात जाळं हाय, कुकरच्या शिटीखाली काळं हाय, पोरीच्या डोक्यात उवा हाय. मी म्हणायचे, कुठून दिली बाई नजर ह्यांना. पण बरं वाटायचं.

घरात हा चष्मा. मेहकरकडचं कोणी येणार असलं की जावयाचा. आईंनी दोन्ही वेगवेगळ्या डब्यांत ठेवले होते आणि मोटारसायकलचा आवाज आला तरी त्या हातचं काम टाकून चष्मा बदलायच्या.

मग नणंदेला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आईंची फार हौस. डिंक आणून ठेवला होता, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवली होती, दिसणारा चष्मा लावून स्वतःच्या हाताने. पण पोरीला त्रास झाला, तातडीने अकोल्याला न्यावं लागलं, बाळ वेळेच्या आधी आलं आणि काचेच्या पेटीत राहिलं. तिथे बाळाच्या आईशिवाय कोणाला आत सोडत नव्हते. आईंना धीर धरवत नव्हता. त्यांना एकच बघायचं होतं, पोरगं कोणावर गेलं. त्या माझ्याशी उघड बोलल्या, की एखाद्या लेकरात माणूस परत दिसते, नाकात, कपाळात, कुठंतरी. धाकटीचं तोंड त्यांच्याही नजरेसमोरून पुसट व्हायला लागलं होतं, आणि फोटोत तर काही राहिलंच नव्हतं. बाळ घरी येऊन जरा अंग धरल्यावर मेहकरलाच बारसं ठरलं.

निघताना त्यांनी जावयाचा चष्मा घातला. मी आडवी आले. म्हटलं, आज तरी दुसरा घाला, फ्रेम तर सारखीच आहे. नाही म्हणाल्या. दुकानदार माणूस, त्याची नजर आपल्या मालाला ओळखेल, अन् आजच्या दिवशी पोरीच्या घरात वाद नको. मग मी दुसरा चष्मा माझ्या पर्समध्ये टाकला. बाळ मांडीवर आलं की कोणाचं लक्ष नसताना हळूच देईन, एका मिनिटाचं तर काम.

एक मिनिट मिळालं नाही. आम्ही दारात पाय ठेवला तसा जावई आईंना चिकटला. लोभाने चिकटला, ते मी नाकारत नाही. पाटावर बसवलं, स्वतः शेजारी बसला, आणि येईल त्याला सांगायला लागला, ह्या आमच्या मोठ्या आई, दुकानातला फोटो ह्यांचाच, बघा, अजून आपलाच चष्मा वापरतात. काच जरा तिरपी बसली म्हणून त्याने दोन वेळा तो चष्मा काढून, फुंकर मारून, पुसून पुन्हा त्यांच्या डोळ्यांवर ठेवला. नणंद समोर पाळण्याजवळ उभी, पदराआडून हसत होती, आणि बऱ्याच दिवसांनी तिचा चेहरा असा सैल दिसला. मी पर्सची चेन उघडून हात आत घालून बसले होते. डबी हाताला लागत होती. काढणार कशी?

बाळ आईंच्या मांडीवर दिलं. त्यांनी ते जवळ घेतलं, मग लांब धरलं, मग पुन्हा जवळ. हाताने कपाळ चाचपलं. नाकावरून बोट फिरवलं. जावयाने विचारलं, काय मोठ्या आई, कोणावर गेला?

“तुमच्यावरच हो जावईबापू,” आई म्हणाल्या, आणि सगळे हसले.

मी पर्समधली डबी मुठीत धरून बसले होते. कोणीतरी मोबाईल काढला, तर नणंदेच्या सासूने मना केलं. जावळ होईपर्यंत फोटो नाही, नजर लागते. पेटीतून वाचलेलं लेकरू, कोण काय बोलणार? नाव ठेवलं, घुगऱ्या वाटल्या, बाळ रडलं आणि आत गेलं. बाळाला दूध पाजायच्या खोलीत आईंना नेता येईल का ते मी बघितलं, तर जावई हात धरून त्यांना जेवायला घेऊन गेला.

परतीच्या एसटीत आम्हाला खिडकीची जागा मिळाली. गाव मागे पडलं तशी त्यांनी हात पुढे केला. मी पर्समधून डबी काढून दिली. त्यांनी चष्मा बदलला, पदराने पुसला, आणि माझ्याकडे वळल्या.

“आता सांग,” त्या म्हणाल्या. “माह्या धाकटीसारखं काही हाय का त्याच्यात?”

मी बाळाचं तोंड आठवून पाहिलं. सबंध बारशात मी त्या बाळाकडे बघितलंच नव्हतं. आईंचा चष्मा बघत होते, जावयाचा हात बघत होते, पर्स बघत होते. बाळाचं नाक कसं आहे, कपाळ कसं आहे, मला एक गोष्ट आठवेना. आणि धाकटीला तर मी कधी पाहिलंही नव्हतं. हो म्हणायचं ठरवलं. हो म्हणायला काय लागतं?

“हाव आई,” मी म्हटलं. “कपाळ तर त्यांचंच आहे.”

त्या बघत राहिल्या माझ्या तोंडाकडे. तो बुलढाण्याच्या नंबरचा चष्मा होता, त्यातून त्यांना सगळं दिसत होतं.

“राहू दे बाई,” त्या म्हणाल्या, आणि जानेफळ येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसल्या.