सहा नंबरचं भिंग

माझा धाकटा भाऊ इश्वर एका वेळी एकच वेड पोसे, आन ते माझ्या डोक्याले ताप दिल्याशिवाय जात नसे. आधी रेडिओ उघडून बसला. मग मधमाश्या पाळल्या, त्या मलेच चावल्या. शहाऐंशी साली शेपटीचा तारा आला आन त्यानं आकाशच धरलं. पवनीत आमचं दोघांचंच घर. मी विधवा होऊन माहेरी आली, त्याचं लग्न कुठं जुळलं नाई. तो मागावर बसे, मी सुताच्या कांड्या भरून देई. भांडायले तिसरं माणूस कधी लागलं नाई आम्हाले.

विणकर मात्र अस्सल होता हो! त्याचं लुगडं विणकर सोसायटीचा माणूस उजेडात धरून पाही आन काही न बोलता बाजूले ठेवी. न बोलणं हीच त्याची शाबासकी. पण त्या होळीनंतर इश्वरच्या कापडात रेघा दिसायले लागल्या. ताण्याचा धागा तुटला तरी हा तसाच पुढं विणत जाई. मी म्हणली, "धागा तुटला रे, दिसला नाई काय?" तर म्हणे, "सूतच खराब येऊन राहिलं आजकाल."

सूत कायचं खराब! कांड्या मीच भरत होती ना. मग मी त्याच्यावर नजर ठेवली. बोलताना तो माझ्या तोंडाकडे पाहीच ना, कानाकडे पाही. ताटातली मिरची बोटानं चाचपे. गल्लीतून सायकल मात्र बरोबर काढी, म्हणून लोकांले काही समजलं नाई. मले समजलं. विणकराचे डोळे गेले तर त्यानं करायचं काय? मी म्हणली, "नागपूरले डोळ्याच्या डॉक्टरकडे जाऊ." एवढा चिडला का जेवताजेवता उठून गेला.

त्यातच ती दुर्बीण घरात आली. जवाहरनगरच्या कारखान्यात त्याचा दोस्त होता, खेमराज. शेपटीच्या ताऱ्यासाठी त्यानं स्वतः दुर्बीण बनवली होती, माणसाच्या छातीपर्यंत येईल एवढा पत्र्याचा नळा आन तळाशी आरसा. एप्रिलात त्याची जबलपूरले बदली झाली, तो नळा इश्वरले देऊन गेला. डोळ्याशी लावायचं भिंग, ज्याले तो आयपीस म्हणे, ते तेवढं त्यानं ठेवून घेतलं. जाताना बजावून गेला, "नागपूरले कॉलेजच्या प्रयोगशाळेचं सामान विकणारं दुकान आहे, तिथं मिळते. तीन-तीन घेऊ नको, एकच घे. आन नवीन माणसानं कमी ताकदीचंच घ्यावं. त्यात आकाश मोठं दिसते, तारा लवकर सापडते. जास्त ताकदीच्या मागं धावशील तर पैसे बी जातील आन दिसणार बी नाई."

इश्वर नागपूरले गेला, लुगड्याच्या तुकड्यात भिंग गुंडाळून आला. खुशीत होता. दुकानदारानं पंचवीस, बारा आन सहा, अशी तीन नंबरची भिंगं समोर ठेवली होती. यानं सहाचं उचललं.

"सहाचंच काहून?" मी विचारलं.

"अवो बाई, कमी ताकदीचं म्हणजे जाड. आन जाड सूत कोणत्या नंबराचं असते? लहान नंबराचं. तो दुकानदार दोनदा विचारून राहिला, सहाच पाहिजे काय म्हणून. मी म्हणलं, बावा, मी विणकर आहो, मले नंबर शिकवू नको."

मी बी मान डोलावली. आमच्या घरात वीस नंबरचं सूत जाड आन ऐंशीचं बारीक, हे पाळण्यातल्या लेकराले बी माहीत. यात चूक कोण शोधणार?

मे महिना होता. जेवणं झाली का शनी समोरच्या कडुनिंबावर येऊन बसे. मी म्हणली, "लोक शनीची नजर लागू नये म्हणून तेल वाहतात, आन तू त्याच्यावरच नजर लावून राहिला!" तो हसला. मग एकदम गंभीर होऊन म्हणे, "बाई, एक सौदा करू. शनीले कडी असते. ती मले दिसली तर माझे डोळे चांगले, तू पुन्हा डॉक्टरचं नाव काढायचं नाई. नाई दिसली तर तू म्हणशील तिथं येतो."

मी हाव म्हणली. दुसरा रस्ता कुठं होता मले?

त्या भिंगाचं भोक ज्वारीच्या दाण्याएवढं. पापणी टेकवावी तेव्हा काहीतरी पिवळं थरथरे, आन पाहावं पाहावं तोवर पळून जाई. इश्वर बराच वेळ वाकून होता. मग म्हणे, "भिंगच खराब आहे!" मी पाहिलं. मले बी कडी-बिडी काही दिसली नाई, नुसता पिवळा गोंधळ. खरं सांगू? माझा जीव भांड्यात पडला. माझे चांगले डोळे, त्यांले दिसलं नाई, तर त्याले कसं दिसणार? दोष भिंगाचाच. त्या रात्री मी पोटभर झोपली. सकाळी उठून पाहिलं तर मागावरच्या कापडात पुन्हा रेघ. मी तिकडं पाहिलंच नाई असं केलं.

काही दिवसांनी खेमराज क्वार्टरमधलं उरलेलं सामान न्यायले आला, तो आमच्याकडे बी आला. त्यानं भिंग हातात घेतलं आन कपाळावर हात मारला.

"अरे, सहा काहून आणलं?"

इश्वरनं सुताचा हिशेब सांगितला. खेमराज एवढा हसला का त्याच्या हातातला चहा सांडला. "लेका, हा सुताचा नंबर नोहे! इथं सारं उलटं. नंबर लहान तर ताकद जास्त. तू सगळ्यात तेज भिंग घेऊन आला, त्यात मले बी काही दिसणार नाई." मग त्यानं आपल्या पिशवीतून स्वतःचं पंचवीसचं काढलं. "हे घे, सहाचं मले दे. मी जबलपूरले बदलून घेईन." आन संध्याकाळच्या गाडीनं तो निघून गेला.

आम्ही अंगणात नळा मांडला. मीच नळा फिरवून शनी आणला. आन मायबाई! एवढुसा गोल दाणा आन त्याच्या भोवती कडी, जागच्या जागी, कोणी कोरून ठेवल्यासारखी. शनीले नावं ठेवणारी मी, हात जोडले गेले माझे.

"ये, ये लवकर!" मी ओरडली. "साफ दिसून राहिलं!"

इश्वर वाकला. भिंगाशी डोळा इकडून तिकडून लावून पाहिला. मग म्हणे, "दिसली."

"खरंच?"

"हाव. कडी आहे. मधात पिवळा गोळा. कडी जराशी तिरपी आहे."

काय सांगू, मले नाचावंसं वाटलं! त्याच्या पाठीवर थाप मारायले मी पुढं झाली, तर माझा कोपर नळ्याले लागला आन नळा गर्रकन फिरला. शनी कुठच्या कुठं राहिला. नळ्याचं तोंड आमच्याच घराच्या छपरावरच्या कवेलूकडे झालं. इश्वर बी नळ्यासंगं सरकला, डोळा भिंगालेच होता. तो म्हणत होता, "आता तर अजून साफ दिसून राहिली, बाई. खेमराजचं भिंग चांगलं आहे."

चूप राहावं, असं बी मनात आलं. राहू द्यावा त्याचा माग, विणू द्यावं जसं विणते तसं. पण मग राग आला, त्याचा बी आन माझा बी.

"इश्वर," मी म्हणली, "नळा कवेलूवर आहे."

त्यानं डोळा काढला नाई. तसाच वाकून राहिला. मग हळूच म्हणे, "सोसायटीत सांगू नको."

"उद्या पहिल्या गाडीनं नागपूर."

"हाव," म्हणे.

डॉक्टरनं दोन्ही डोळे तपासले. डोळ्याच्या मागच्या पडद्याचा मधला भाग गेला, म्हणे, कडेचा शाबूत आहे. चालता-फिरता येईल, बारीक काम जमणार नाई. याले ऑपरेशन बी नाई आन चष्मा बी नाई. इश्वरनं एकच विचारलं, माग चालेल काय. डॉक्टरनं नाई म्हणलं.

परतीच्या गाडीत तो खिडकीशी बसला. उमरेड गेलं. भिवापूर आलं तेव्हा त्यानं माझ्या कानाकडे पाहिलं.

"बाई, खरंच कडी आहे काय शनीले?"

"हाव रे," मी म्हणली, "आहे." आन भरल्या गाडीत मले रडू आवरलं नाई.