दोन चित्रांच्या मधलं चित्र

टीव्हीकाका कुणाकडेही गेले, की चहा येण्याआधी त्यांचा हात रिमोटकडे जायचा. यजमान आपले तब्येतीची चौकशी करताहेत आणि हे सेटिंगच्या पोटात शिरलेले. एक-दोन मिनिटं खुडबुड करून रिमोट होता तसा ठेवायचे आणि मग म्हणायचे, “हां, काय म्हणत होतात?”

चाळीस वर्षं त्यांनी टीव्ही दुरुस्त केले. डबा टीव्ही होते तोवर मागचं झाकण काढून आत डोकं घालायचे. टीव्ही सपाट झाले, आत डोकं घालायला जागाच उरली नाही, तेव्हा ते टीव्ही भिंतीवर टांगून सेटिंग लावून देऊ लागले. आणि तिथेच त्यांना जन्माचा वैरी भेटला. त्याचं नाव मोशन स्मूदिंग.

दुकानातून नवा टीव्ही येतो तो बहुतेकदा हे चालू करूनच. चित्र पुसट होऊ नये, हालचाल गुळगुळीत दिसावी, म्हणून टीव्ही दोन चित्रांच्या मध्ये तिसरं चित्र स्वतःच्या मनाने घालतो. काकांचं डोकं फिरायचं ते इथेच. “कॅमेऱ्याने जे टिपलंच नाही, ते हा कोण दाखवणारा?” ते विचारायचे. समोरचा बिचारा काय सांगणार! त्याला चित्र छान दिसत असायचं. वाद घालून उपयोग नाही हे कळल्यावर काकांनी न विचारता बंद करण्याचा मार्ग धरला. अख्ख्या वस्तीत त्यांनी हे पुण्यकर्म केलं आणि कुणालाही पत्ता लागला नाही.

थोरल्या बहिणीच्या, म्हणजे ताईच्या घरीसुद्धा.

ताई अडुसष्ट वर्षांची. तीस वर्षं ती बॅडमिंटनच्या सामन्यांत रेषेजवळच्या खुर्चीवर बसली. शटल आत पडलं की बाहेर, एवढंच सांगायचं काम. आत पडलं तर तोंडातून अवाक्षर नाही, फक्त उजवा हात रेषेकडे. बाहेर पडलं तर दोन्ही हात पसरून खणखणीत “आउट!” आणि कधी मध्ये कुणी आलं, दिसलंच नाही, तर दोन्ही तळहात डोळ्यांवर. ही तिसरी खूण तीस वर्षांत तिने फक्त दोनदा केली होती आणि त्या दोन्ही वेळा तिला तारीखवार पाठ होत्या.

आता ती घरच्या खुर्चीवर बसून टीव्हीवरच्या सामन्यांचा निकाल द्यायची. हात पसरून, आवाज लावून, टीव्हीतल्या पंचाच्याही आधी. काका दर रविवारी जायचे ते खरं म्हणजे हेच बघायला. खेळातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण बहिणीचा तो रुबाब बघून त्यांना भरून यायचं.

त्या रविवारी गेले तर सामना चालू होता आणि ताई हात मांडीवर ठेवून गप्प. एक जोरदार फटका रेषेजवळ पडला. ताईने सावकाश दोन्ही तळहात डोळ्यांवर ठेवले.

काका पुढे होऊन तिच्याजवळ बसले.

“ताई?”

“नाही दिसत रे, धाकट्या. शटलच्या जागी नुसता पांढरा फराटा दिसतो.” तिने टेबलावरचं पाकीट त्यांच्यापुढे सरकवलं. “जाताना हे क्लबात दे. सुवर्णमहोत्सवाच्या फायनलला मला खुर्चीवर बसवणार होते. नाही म्हणून कळवलंय.”

“अगं, पण डॉक्टर?”

“जाऊन आले. म्हणे डोळे ठणठणीत आहेत, चष्म्याचा नंबरसुद्धा तोच. मी हटून बसले, तेव्हा माझी समजूत घालायला थेंब दिले. डोळे कोरडे पडतात म्हणे! मला काय कळत नाही?”

“कधीपासून होतंय?”

“चार महिने झाले. दर रविवारी तुझ्यासमोर अंदाजाने हात पसरत होते. तू रिमोट घेऊन बसला होतास बघ, त्याच संध्याकाळपासून. माझ्या पक्कं लक्षात आहे, त्या दिवशी टीव्हीवर फायनल होती.”

चहाचा कप काकांच्या हातातच राहिला. चार महिने ही बाई आपले डोळे गेले म्हणून झुरतेय, आणि डोळे आपण घालवलेत. तेही सेटिंगच्या तिसऱ्या पानावर जाऊन.

ताई कप ठेवायला आत गेली. काकांनी रिमोट उचलला आणि ज्या वैऱ्याला वस्तीभर हुडकून काढलं होतं त्याला स्वतःच्या हाताने परत चालू केलं. ताई बाहेर आली, उभ्या उभ्याच पडद्याकडे बघितलं, आणि तिचा उजवा हात आपोआप रेषेकडे गेला. पुढच्या फटक्याला दोन्ही हात पसरले गेले. “आउट!”

मग ती मटकन खुर्चीत बसली. “अरे, थेंब लागू पडले वाटतं!”

सुटायची चांगली संधी होती. काकांनी नुसती मान डोलवली असती तरी प्रकरण मिटलं असतं. पण मग ताई थेंबांच्या भरवशावर खुर्चीवर बसली असती, आणि दर फटक्याला स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेत राहिली असती. काकांनी रिमोट खाली ठेवला आणि सगळं सांगून टाकलं.

ताईने शांतपणे ऐकून घेतलं. हे शांत ऐकणं काकांना लहानपणापासून माहीत होतं, म्हणून ते खुर्चीत जरा मागे सरकले.

“चार महिने,” ताई म्हणाली. “चार महिने मी सुईत दोरा ओवला नाही. रस्ता ओलांडताना लोकांचा हात धरला. आणि कशासाठी? तर तुला चित्र खरं हवं होतं!”

“चुकलो ताई. पण मधलं चित्र खोटं असतं गं, तो टीव्ही आपल्या मनानं...”

“असू दे खोटं! मला शटल दिसतं ना? तुला कुणी विचारलं होतं?”

चाळीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता. ताईने पाकीट उचललं, चार तुकडे केले आणि काकांच्याच हातात दिले. “टाक केराच्या डब्यात. आणि फायनलला यायचं. पहिल्या रांगेत बसायचं.”

फायनलला काका पहिल्या रांगेत बसले. समोर ताई, पांढरा सदरा, ताठ पाठ. हॉलमध्ये ना रिमोट ना सेटिंग. पहिल्या काही फटक्यांतच काकांना कळून चुकलं, की आपल्याला शटल अजिबात दिसत नाही. पोरं मारतात, आवाज येतो, आणि मग ते जमिनीवर पडलेलं असतं. मग ताईला तरी दिसत असेल का? चूक झाली तर ती आयुष्यात परत खुर्चीवर बसणार नाही, हे ते ओळखून होते.

शेवटच्या गुणाला फटका बसला. शटल ताईच्या रेषेजवळ पडलं.

“आउट!”

खेळाडूने हात वर करून तक्रार केली, मुख्य पंचांनी ताईकडे बघितलं. ताईचे हात पसरलेलेच, बोटांच्या टोकापर्यंत ताठ. पंचांनी मान हलवली आणि टाळ्या सुरू झाल्या.

काकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. गर्दी पांगल्यावर ताई त्यांच्याजवळ आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि हसायला लागली. तेव्हा कुठे काकांच्या ध्यानात आलं, की आपले दोन्ही तळहात अजून डोळ्यांवरच आहेत, आणि बोटांच्या फटीतून आपण तिच्याकडे बघतोय.