राइट बॅकची जागा

कामठीत रविंद्र टेंभुर्णेंना सगळे ‘सर’ म्हणत, पण ते शिक्षक कधीच नव्हते. नागपुरातल्या एका सरकारी कचेरीत ते लिपिक होते. तिथं त्यांना फारसं कोणी विचारत नसे. संध्याकाळी मात्र प्रगती क्लबच्या मैदानावर त्यांनी शिटी वाजवली की वीस-बावीस माणसं जागच्या जागी थांबत. अठरा वर्षं हे चाललं होतं. त्यांचा स्वतःचा खेळ गुडघ्यानं पंचविशीतच संपवला होता, आणि जे आपल्या पायांनी व्हायचं राहिलं ते दुसऱ्यांच्या पायांनी करून घ्यायची त्यांची जिद्द होती.

दोनेक वर्षांपूर्वी सर मोबाइलवर युरोपातले सामने बघू लागले आणि दोन गोष्टींनी त्यांना वेड लावलं. पहिली, प्रेसिंग. चेंडू आपल्याकडून गेला की माघारी पळायचं नाही. उलट तिथंच, समोरच्याच्या अर्ध्या भागात त्याच्यावर तुटून पडायचं. दुसरी, राइट बॅकला आत आणणं. उजव्या बाजूला रेघेलगत राहून बचाव करणारा हा खेळाडू. चेंडू आपल्याकडे असताना त्यानं रेघ सोडून मैदानाच्या मध्यात यायचं. मग मधे आपला एक माणूस जास्त होतो आणि समोरच्यांना कोणाला धरावं ते समजेनासं होतं.

कौसल्याबाई, त्यांच्या पत्नी, वैतागायच्या. जेवताना सर ताटातल्या कांद्याच्या फोडी सरकवत बसायचे.

“जेवा ना आता. काय खेळून राहिले त्या कांद्यासोबत?”

“हा राइट बॅक आहे वं. हा इकडं आला तं बघ, इथं कसं होते.”

“आणि तिकडं कोण आहे मग?” बाईंनी सहज विचारलं. उजवीकडची ताटाची कड रिकामी पडली होती. सरांनी ती फोड उचलून तोंडात टाकली.

तिकडं कोणी नाही, हे सरांनाही ठाऊक होतं. जितकं पुढं जाऊन दाबावं, तितकं मागं मैदान मोकळं पडतं. त्यात राइट बॅकही आत आला की उजवी बाजू सताड उघडी. पुढच्यांचे पाय ताजे असेपर्यंत हे झाकून जातं, कारण समोरच्याला मान वर करून लांब पास द्यायला सवडच मिळत नाही. पाय थकले, दाबायला अर्ध्या क्षणाचा उशीर झाला, की सगळं उघडं.

हे काम त्यांनी दिलं अश्विन रामटेकेला. अश्विन एकोणतीस वर्षांचा, कामठी ते नागपूर शेअर ऑटो चालवायचा. अकरा वर्षं क्लबचा राइट बॅक. बोलायला कमी, डोक्यानं शांत. नवीन खेळ त्यालाच सगळ्यांत आधी कळला. उजव्या कडेनं पुढं खेळणारा विंगर गौरांग नुसताच हरणासारखा पळायचा. त्याला कधी माघारी यायचं हे अश्विनच ओरडून सांगायचा. त्या मोसमात क्लबनं लागोपाठ सहा सामने जिंकले. मध्यात उभं राहून अश्विन असे पास काढायचा की बघणारे म्हणायचे, हा इतकी वर्षं रेघेवर काय करत होता? सरांची छाती फुगायची. ही चाल आपण आणली, ही गोष्ट ते भेटेल त्याला सांगायचे.

अंतिम सामना फेब्रुवारीच्या शेवटी, नागपुरात होता. दुपारी चारचं ऊन, समोर शहरातला बलाढ्य संघ. पहिला अर्धा तास प्रगती क्लबनं त्यांना श्वास घेऊ दिला नाही. विसाव्या मिनिटाला अश्विनच्याच पासवर गोल झाला. कामठीहून आलेल्या लोकांनी ताशे वाजवले.

पण समोरचा कोच कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्यानं आपला सगळ्यांत वेगवान पोरगा डाव्या टोकाला, नेमका अश्विनच्या रिकाम्या जागेसमोर, नुसता उभा करून ठेवला. बचावाला ये म्हणून त्याला एकदाही बोलावलं नाही.

मध्यंतरात खेळाडू पाणी पीत बसले होते. अश्विन सरांजवळ आला.

“सर, पुढचे थकले. दाबणं अर्धंच होऊन राहिलं. मी मधात आलो की मागं उघडं पडते. एक तं दाबणं सोडा, नाही तं मले लाइनीवर राहू द्या. दोन्ही नाही जमणार आता.”

त्याचं म्हणणं खरं होतं. सरांना ते त्याच क्षणी कळलं होतं, हे पुढं कितीतरी दिवस त्यांना टोचत राहिलं. पण शेजारी क्लबचे अध्यक्ष चंपतराव उभे होते, वर्तमानपत्राचा वार्ताहर उभा होता, आणि याच चालीबद्दल सरांनी त्याला सामना सुरू होण्याआधी भरभरून सांगितलं होतं.

“घाबरला काहून गा?” सर म्हणाले. “मधातच राहायचं. एक पाऊल बाहेर नाही.”

“हाव सर,” अश्विन म्हणाला.

बासष्टाव्या मिनिटाला समोरच्यांचा पहिला गोल झाला, अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला दुसरा. दोन्ही एकाच वाटेनं आले. थकलेल्यांच्या डोक्यावरून एक लांब पास, डाव्या टोकाचा तो पोरगा एकटा, आणि मध्यातून जीव तोडून माघारी धावणारा अश्विन. दुसऱ्या वेळी तो घसरून पडला आणि चेंडू जाळ्यात जाताना त्यानं पडल्यापडल्याच पाहिला.

सामना संपला. वार्ताहर वही घेऊन आला, भोवती तीस-चाळीस माणसं जमली.

“सर, काय झालं हो? एवढी उजवी बाजू मोकळी कशी?”

सरांनी काही विचार केला नाही. विचार केला असता तर कदाचित वेगळं बोलले असते. पण कदाचित नसतेही.

“राइट बॅकनं जागा सोडली,” ते म्हणाले. “सांगूनही समजत नसेल तर कोचनं काय करावं?”

अश्विन दोन हातांच्या अंतरावर जमिनीवर बसून बुटाच्या नाड्या सोडत होता. त्यानं मान वर केली, सरांकडे पाहिलं आणि पुन्हा खाली बघून दुसऱ्या बुटाची नाडी सोडायला घेतली. गर्दीतून कोणीतरी त्याला शिवी घातली.

दुसऱ्या दिवशी पेपरात ते वाक्य जसंच्या तसं आलं, अश्विनच्या नावासकट.

सर त्या दिवसापासून शेअर ऑटोऐवजी बसनं कचेरीत जाऊ लागले. बस वीस मिनिटं आधी सुटायची. “एवढी घाई कायची?” असं कौसल्याबाईंनी विचारलं, तर म्हणाले, “ऑटोत कंबर दुखते.” अश्विन सरावाला येत नव्हता. बरं झालं, असंच सरांना मनातून वाटत होतं, आणि असं वाटतंय याची लाज वेगळी.

मार्चमध्ये एक दिवस बस चुकली. स्टँडवर एकच ऑटो भरत होता, आणि तो अश्विनचा. परत फिरावं तर अश्विननं पाहिलं होतं.

“बसा सर,” तो म्हणाला. नेहमीसारखंच.

मागं तिघं आधीच बसले होते, सर त्यांच्याच कडेला दाटीनं बसले. त्यांतला एक यंत्रमागावर काम करणारा, फुटबॉलचा शौकीन. ऑटो हमरस्त्याला लागला तसा तो मोठ्यानं म्हणाला, “भाई, संभाल के बैठना. ये ड्रायवर लाइन छोड देता है!”

ऑटोत हशा पिकला. आणि सरही हसले.

त्यांना हसायचं नव्हतं. चारचौघांत विनोद झाला, की तोंड आपोआप पसरतं, तसं झालं. पण समोरच्या आरशात त्यांना अश्विनचे डोळे दिसले. ते रस्त्यावर नव्हते, सरांवर होते. क्षणभरच. मग त्यानं गिअर बदलला आणि पुढं बघू लागला.

त्या दिवशी कचेरीत सरांनी एका फायलीवर तीनदा चुकीचा शिक्का मारला. मैदानावर बोललो ते रागात, पराभवाच्या भरात, असं त्यांनी स्वतःला महिनाभर समजावलं होतं. आजच्या हसण्याला तेवढाही आडोसा नव्हता. अश्विन हवं तर सगळ्यांसमोर सांगू शकला असता, की यांनीच मला मधात उभं केलं. तरी तो गप्प होता. आणि आपण हसलो.

रविवारी सकाळी ते अश्विनच्या घरी गेले. अश्विन अंगणात ऑटो धूत होता. त्याची बायको भावना दारात तूर निवडत बसली होती. तिनं खुर्ची दिली, पाणी दिलं. सरांनी पाण्याचा पेला हातातच धरला.

“अश्विन, त्या दिवशी चूक माही होती. तू सांगितलं होतं मले. मी ऐकलं नाही, आणि वरून तुह्यावर ढकललं. माफी मागाले आलो गा.”

“जाऊ द्या सर,” अश्विन फडका पिळत म्हणाला. “खेळात होते.”

सरांना हायसं वाटलं. इतकं सोपं होतं तर! त्यांनी पाण्याचा घोट घेतला. तेवढ्यात भावना बोलली. सुपावरून तिनं नजर उचलली नव्हती.

“सर, राग नका मानू. पण बोलले तेव्हा तुम्ही मैदानावर बोलले, सगळ्यायसमोर. पेपरात आलं. माह्या माहेरी खाप्याले वाचलं लोकायनं. आणि माफी घरात मागून राहिले?”

“भावना,” अश्विन म्हणाला.

“मी काय खोटं बोलून राहिली का?”

पेला खाली ठेवायला जागा शोधत सर इकडंतिकडं बघत राहिले. शेवटी तिनंच उठून तो त्यांच्या हातून घेतला.

एप्रिलमध्ये क्लबची वार्षिक सभा मैदानावरच भरली. साठेक माणसं होती. चंपतरावांचं भाषण झाल्यावर सर उठले. आदल्या दिवशी त्यांनी मनाशी बरीच वाक्यं जुळवली होती. उभं राहिल्यावर त्यांतलं एकही आठवलं नाही.

“फायनल मी घालवली,” ते म्हणाले. “अश्विननं जागा सोडली नव्हती. मीच त्याले मधात उभं केलं होतं. मध्यंतरात त्यानं सांगितलं, की दाबणं सोडा नाही तं मले मागं जाऊ द्या. मले कळत होतं त्याचं बरोबर आहे. पण माही चाल चुकली असं लोकायसमोर दिसू नाही, म्हणून मी नाही म्हटलं. आणि मंग त्याचं नाव घेतलं.”

चंपतराव खाकरले. “झालं ते झालं, सर. कायले उकरून राहिले?”

मागून एक जण म्हणाला, “म्हणजे कप तुम्हीच घालवला म्हणा ना.”

“हाव. मीच घालवला.”

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कोणी पाठीवर हातही ठेवला नाही. सभा पुढं जाळ्या आणि गणवेशांकडे वळली. गौरांग मात्र नंतर जवळ आला आणि हळूच म्हणाला, “सर, मलेही माघारी याचं होतं. मी आलो नाही.” सर म्हणाले, “तुले मी नीट सांगितलंच नव्हतं.”

त्यांनी वार्ताहरालाही फोन केला. तो हसून म्हणाला, “दोन महिने झाले, सर. आता कोण छापते ते?” यंत्रमागवाला स्टँडवर भेटला, त्यालाही सांगितलं, त्याला आपण काय विनोद केला होता तेच आठवत नव्हतं. बोललेलं एक वाक्य जिथं जिथं गेलं होतं, तिथं तिथं जाऊन त्याला परत बोलावणं माणसाच्या हातात नसतं, हे सरांना पन्नाशीनंतर कळलं.

अश्विन त्या सभेला आला नव्हता. त्याच आठवड्यात त्यानं सावनेरच्या एका संघाकडून खेळायचं ठरवलं.

पुढच्या मोसमात दोन्ही संघ समोरासमोर आले. अश्विन आपल्या जुन्या जागी, उजव्या रेघेलगत खेळला. तो दर सामन्यासाठी ऑटो घेऊन सावनेरला जातो, हे सरांनी ऐकलं होतं. नव्वद मिनिटं त्यानं त्या बाजूनं एक चेंडू पुढं जाऊ दिला नाही. सावनेरवाले एका गोलनं जिंकले.

सामना संपल्यावर सर हात मिळवायला गेले. अश्विनच बोलला.

“सर, तो मधातला खेळ चांगला होता. मले आवडे तो. फक्त माह्या मागं कोणाले तरी ठेवाले पाहिजे होतं.”

सरांनी नुसती मान हलवली. मग ते उगाच गुडघा चोळू लागले.

“सभेतलं समजलं मले,” अश्विन म्हणाला. “भावनालेही सांगितलं. ती विचारत होती, सर घरी काहून येत नाही मंग?”

“येतो ना गा. येतो एका रविवारी.”

त्याला आता चार महिने झाले. सर दोनदा त्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेले आणि परत आले. अजून अश्विनचं दार गाठायचं राहिलं आहे.