यमाच्या रेड्याचं दुसरं शिंग

माझ्या रेड्याचं शिंग कापायला बोलपटवाले दिवाळीनंतर पुन्हा येणार आहेत, आणि गौरव समिती मला म्हणते, दगडू मास्तरांना साठ वर्षं झाली, चार गोड शब्द लिहा. लिहिते. पण माझा जीव त्या शिंगात अडकलाय, हे आधी ऐका. मग मास्तरांना नमस्कार.

मास्तर तळोद्याच्या शाळेत चित्रकला शिकवतात. मी रेड्यावर पखाल घालून शाळेला पाणी पुरवते. एकदा ते फाटकाशी आडवे आले. "माय, तुमना रेडा घडीभर उभा ऱ्हाऊ द्या." तिथंच कागद घेऊन बसले. त्यातून 'यमाचा बाजार' हे चित्रांचं पुस्तक निघालं. यम रेड्यावर बसून आठवडे बाजारात येतो आणि वांगी दाबून बघावीत तशी माणसं निवडतो. वाचताना हसू येतं, मग आपलीच बरगडी चाचपावीशी वाटते. चित्रांखालची अक्षरं मास्तरांनीच मला शिकवली. वर्गातली पोरं हसली, तर त्यांनाही माझ्या शेजारी पाटी धरून बसवलं.

पुढं त्याचा बोलपट निघाला. चित्रात जे, तेच पडद्यावर, असा बोलपट काढणाऱ्या साहेबांचा हट्ट. भाजीवालीच्या छत्रीला ठिगळसुद्धा चित्रातल्यासारखंच लावलं. यमाला बसायला रेडाही माझाच घेतला. मग करवत निघाली.

"आजी," साहेब म्हणाले, "पुस्तकातल्या रेड्याला एकच शिंग आहे. त्यात मोठा अर्थ आहे. मरणाला दुसरी बाजू नसते."

"मन्हा रेड्याले दोन शेतस," मी म्हटलं.

आपल्या समितीचे अध्यक्ष तिथंच उभे होते. म्हणाले, "एक शिंग गयं ते काय बिघडस, माय?"

"मंग तुन्हा एक कान दे."

त्या एका शिंगावरून मास्तरांची वर्तमानपत्रात वाहवा झाली होती. ते गप्प राहिले असते तर कोणाला कळणार होतं? पण भर बाजारात म्हणाले, "शाई सरनी व्हती, साहेब. अर्थबिर्थ काही नही." आणि दौत मागवून साहेबांच्या पुस्तकात दुसरं शिंग काढलं. करवत गाडीत परत गेली.

पण तेवढ्यात उजेड गेला आणि यमाच्या येण्याचं चित्रण राहिलं. आता साहेब नवे, पुस्तकाची प्रत नवी, आणि तिच्यात शिंग पुन्हा एकच. पत्र आलंय, रेडा छापील चित्राप्रमाणेच हवा. मास्तरांचा हात हल्ली थरथरतो. मुळातून शिंग कापलेला एक रेडा रक्त जाऊन मेलेला मी पाहिलाय. माझा गेला तर पखाल माझ्या पाठीवर येईल. मी त्याला आता घरात बांधते आणि रस्त्यावर गाडी वाजली की उठून बघते.

म्हणून मास्तर, साठी झाली म्हणून टेकू नका. दूध प्या, डोळे जपा. हा रेडा आहे तोवर तुम्ही धडधाकट राहिलंच पाहिजे, आणि रेडा अजून तरुण आहे.

पत्राचं उत्तर मात्र मास्तरांनी लिहायचं नाही. एका शिंगानं काय बिघडतं, असं विचारणाऱ्या अध्यक्षांनीच लिहायचं, की रेडा येईल तर दोन्ही शिंगांसकट. टपालात टाकण्याआधी माझ्याकडे आणायचं. वाचून दाखवू नका, मी वाचीन.