सेक्रेटरी आक्कांचा अंगठा

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. अक्षर वाकडंतिकडं, वेलांट्याही चुकतात. कधी कुणी हे वाचलंच तर सांभाळून घ्यावं.

आमच्या बायकांच्या दूध डेअरीच्या सेक्रेटरी आक्का आपल्या घरचं दूध काट्यावर आलं की पाठ फिरवून रस्त्याकडं बघत राहायच्या. आता त्या बारामतीला लेकीकडं असतात, पण माझ्या घरची किटली काट्यावर चढली की माझीही मान आपोआप वळते.

कॉम्प्युटर आला तेव्हा आम्हा सगळ्यांचा एकच पासवर्ड होता. सोयीचा म्हणून खडूनं भिंतीवर लिहिलेला. पुढं तपासणीत निघालं, आक्कांच्या गाईच्या दुधाला कित्येक महिने म्हशीचा भाव लागला होता. नवी गाय व्यालेली, म्हणून बिल वाढलं असं त्या समजत होत्या. चूक कुणाची ते कळेना, कारण मशीनच्या लेखी आम्ही सगळ्या एकच. जादा पैसे तोवर लेकीच्या नर्सिंगच्या फीला गेलेले. गिरणीवर कुजबुज सुरू झाली. आक्कांनी भर सभेत सांगितलं, माझ्या दर बिलातून कापून घ्या.

मग पासवर्ड गेला आणि मशीनवर प्रत्येकीच्या अंगठ्याचा ठसा वेगळा झाला. वजनवालीनं वजनच घ्यायचं, फॅटवालीनं फॅटच. पण पडद्यावर इतकी बटणं, की रांग पार रस्त्यावर गेली. गडीमाणसं म्हणायची, दूध घालायचंय का पासपोर्ट काढायचाय? आक्कांनी बारामतीच्या सॉफ्टवेअरवाल्याला बोलावलं. म्हणाल्या, "कुलूप राहू द्या, पण दार सोपं करा. हिचं जे काम न्हाय, ते हिला दिसायलाच नको." माझं काम बिल काढायचं, म्हणून माझ्या पडद्यावर दोनच मोठी बटणं उरली. तेव्हापासून रांग रस्त्यावर गेली नाही.

एकदा आक्कांचे दीर जादा भावासाठी आपल्या दुधाचं फॅट वाढवून घ्यायला आले. "वहिनी, तुमी सेक्रेटरी हाय का नुसत्या नावाला?"

"हाय की, भावजी. पण तितं माझा अंगठा चालत न्हाय. मीच चालू दिला न्हाय."

डेअरीत मी पहिल्यांदाच मोठ्यानं हसले.

बिलाच्या पैशातला कुठलाही बदल डेअरीच्या अध्यक्षबाई आणि आक्का, दोघींच्या अंगठ्याशिवाय होत नसे. आक्कांच्या बिलातली शेवटची कपात राहिली तेव्हा सगळ्याजणी म्हणाल्या, आता एवढी माफ करू. गिरणीवर बोलणाऱ्याही त्यांत होत्या. अध्यक्षबाईंनी माफीसाठी अंगठा दिला आणि मशीन आक्कांपुढं सरकवलं. आक्कांनी हात पदराखाली घेतला आणि मला म्हणाल्या, "बिल काढ, बाई."

मी काढलं. कपात झाली. पै न् पै फिटली.