चिक्कीच्या खोक्याची कोरी बाजू

आई वडगावहून लोकलनं लोणावळ्याला चिक्कीच्या कारखान्यात जायची. छपाई बिघडलेली खोकी तिथं टाकून देत, ती आई पिशवीत घालून आणायची. खोकं उलगडलं की आतली बाजू कोरी. तीच माझी चित्रकलेची वही. म्हैस, शेजारची भांडकुदळ मावशी, पत्र्यावरचा कावळा, सगळी त्यावरच. वडील म्हणायचे, पोरीनं घरात रद्दी वाढवली. आई दुसऱ्या दिवशी आणखी चार खोकी आणायची.

उभ्या जन्मात तिनं माझ्याकडं एकच गोष्ट मागितली. "माझं बी एक काढ की. लग्नातला शालू नेसल्यालं, नथ घातल्यालं." तिच्या लग्नाचे फोटो पत्रा गळून भिजले होते, एकसुद्धा धड उरला नव्हता. मी हो म्हणाले, आणि वर्षानुवर्षं हो हो म्हणतच राहिले.

पुण्यात कॉलेजात गेले आणि मला शिंगं फुटली. शालू आणि नथ म्हणजे कॅलेंडरवरचं चित्र, खरं काय दिसतं ते काढा, असं सर सांगायचे. मलाही ते फार पटलं. सुट्टीत आईला पुढ्यात बसवलं. ती ट्रंकेतून शालू काढायला उठली, तर मी म्हणाले, राहू दे, शालू मी मनानं घालीन. धडधडीत खोटं बोलले. कामावरून दमून आलेली बाई दोन रविवार पाटावर हलली नाही.

वार्षिक प्रदर्शनात त्या चित्राला पहिलं बक्षीस मिळालं. आई बघायला आली, तोच शालू नेसून, नथ घालून. चित्रापुढं ही गर्दी. चित्रात भोकं पडलेला गाऊन आणि गुळाच्या पाकानं भाजलेली बोटं. लोक त्या बोटांचं कौतुक करत होते. बाजूला उभ्या असलेल्या तिला कुणी ओळखलं नाही. तिनं हात पदराखाली घेतले.

"गाऊन तरी धड काढायचास, बाई."

आणि मी काय करावं? तिला कला समजावून सांगायला लागले! तिथंच माझ्या थोबाडीत मारायला हवी होती कुणीतरी. ती बिचारी व्हय व्हय करत ऐकत राहिली.

नंतर मी तीनदा म्हटलं, शालू नेसून बस, आता तुझ्या मनासारखं काढते. नगं म्हणाली. मी घरी असले की आता ती भाकरीसुद्धा माझ्याकडं पाठ करून थापते.