घागर ओ देते

लग्न होऊन वर्ष झालं होतं. तालुक्याच्या गावी हायस्कुलात मी विज्ञान शिकवायचो. नागपूरला शिकून बी.एस्सी. झालेला त्या शाळेत मी एकटाच, आणि हे मी कुणाला विसरू देत नसे. बायको सुलतानपूरकडची, मराठी चौथी झालेली. माझी आई आमच्याजवळच राहायची.

स्वयंपाकघराला खिडकी नव्हती. पहाटे चूल पेटवण्याआधी बायको पाण्याच्या पितळी घागरींपाशी वाकायची आणि एकेकीच्या तोंडाशी ओठ नेऊन हळूच 'हुं' करायची. आवाज थोडा चढवायची, थोडा उतरवायची. मग त्यातली एक उचलून विहिरीवर जायची. आईनं ते पाहिलं आणि घाबरली.

"बापा, सूनबाई घागरीसंगं बोलते. तिच्या माहेरी कोनाले असं काई होतं काय, इचार बरं."

मी विचारलं. ती लाजली, पण सांगताना डोळे चमकत होते.

"बोलत नाई वो. कोनती भरेल, कोनती रिकामी, ते अंधारात पाह्यते. रिकामी असली का घागर जाड आवाजाले ओ देते. भरत आली का बारीक आवाजालेच देते. हात लावून पाहा, तिच्या अंगाले झिणझिण्या येतात."

मी हात लावला नाही. हेडमास्तरांच्या पत्नी ताक मागायला मागच्या दारात आल्या होत्या. पुण्याकडच्या बाई. त्यांनी ऐकलं आणि पदर तोंडाला लावून हसल्या. त्या गेल्यावर मी बायकोवर ओरडलो, "मास्तरची बायको येडी आहे म्हनतील लोक! पुन्हा असं केलं तं माहेरी नेऊन सोडीन."

तिनं पुन्हा केलं नाही. काडी ओढून घागरीत पाहू लागली. आई दर शनिवारी तिच्यावरून मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकायची. मी, विज्ञानाचा मास्तर, ते बघत चहा प्यायचो.

दोनेक महिन्यांनी अमरावतीहून इन्स्पेक्टरसाहेब यायचे होते. त्यांना माझा आवाजाचा धडा बघायचा होता. अनुनाद दाखवायला शाळेत एकच लांब काचेची नळी होती, ती आदल्या दिवशी कपाटातून काढताना माझ्याच हातून फुटली. घरी येऊन मी डोकं धरून बसलो. समोर घागरी होत्या.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. नळीत पाणी ओततात, वरची हवा कमी कमी होते, आणि वाजत्या नादकाट्याच्या सुराशी त्या हवेचा सूर जुळला की हवाही जोरात कंप पावू लागते. घागरीत दुसरं काय होत होतं? मी पुस्तकातून शिकवायचो ते ही बाई रोज पहाटे करत होती. माझे कान तापले.

दुसऱ्या दिवशी शिपायाकरवी घागर शाळेत नेली. बायकोला म्हणालो, "पोराइले प्यायले पाणी पाह्यजे." वर्गात पोलादाचा दोन दातांचा काटा आपटून घागरीच्या तोंडावर धरला. एक मुलगा तांब्या-तांब्यानं पाणी ओतत होता. बराच वेळ काही नाही. मग एकाएकी काट्याचा तो क्षीण आवाज फुगला आणि शेवटच्या बाकापर्यंत गेला. आणखी एक तांब्या ओतला, पुन्हा विझला. मुलं उभी राहिली.

"नळी नाही तर घागर! कसं सुचलं तुम्हाला?" साहेबांनी विचारलं.

खरं उत्तर ओठांवर होतं.

"विचार करता करता सुचलं, साहेब," मी म्हणालो.

साहेबांनी चांगला शेरा लिहिला. पुढच्या वर्षी मी कायम झालो. घरी एवढंच सांगितलं की साहेब खूश झाले. तिनं घागर फिरवून पाहिली. "पोचा नाई आला ना?"

तिला सांगायचं ठरवत होतो. आधी भीती वाटली, ती विहिरीवर बोलेल आणि गोष्ट हेडमास्तरांच्या घरी जाईल. मग इतके दिवस लोटले की सांगायची लाज वाटू लागली. शाळेसाठी मी वेगळी घागर घेतली आणि दरसाल तोच प्रयोग करत राहिलो.

आमची मुलगी नववीत गेली. एका दुपारी ती आवाजाचा धडा मोठ्यानं वाचत होती. बायको तूर पाखडत होती. सूप थांबलं.

"हे पुन्हा वाच बरं, बाई."

मुलीनं वाचलं: नळीतलं पाणी वाढलं, वरची हवा कमी झाली, की ती हवा अधिक बारीक सुराला साद देते.

"म्हंजे हे सगळ्याइच्याच घागरीत होते?"

"हाव. बाबा तं दरसाल घागर घेऊनच दाखवतात. पुढच्या हप्त्यात आमच्या वर्गात आहे."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. "तुमाले तवाच मालूम होतं?"

"दोन महिन्यांनी समजलं."

"आन् सांगतलं नाई." आवाज चढलेला नव्हता. "मले वाटे, माह्याच डोक्यात काई आहे. आत्याबाई मीठ ओवाळत, मी डोळे मिटून बसो. पोरीलेबी लागंन म्हून तिले लहानपनी घागरीपाशी जाऊ दिलं नाई मी."

मुलीला काहीच कळेना. मी तिला म्हणालो, "हे तुह्या आईनं मले शिकवलं." बायको सूप घेऊन आत गेली.

पुढच्या आठवड्यात वर्गात काटा वाजवण्याआधी मी तेच सांगितलं. "हा प्रयोग माझ्या बायकोनं शोधला." मुलं खदाखदा हसली. त्यांना वाटलं, सर गंमत करतात. मी त्यांना थांबवायला हवं होतं. मीही थोडा हसलो. मुलींच्या बाकावर आमची मुलगी वहीत मान घालून बसली होती.